सहा वाव पाणी

"आधी पैशे किती हाडलंस तां सांग," पेडणेकर म्हणाले. "मगे काय दाखवूचां तां मी ठरवतंय."

"बाराशे."

"दांडो, रीळ, तंगूस, सगळां धरून?"

"सगळां धरून."

पेडणेकरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा माझ्यामागे स्टुलावर बसलेल्या बाबांकडे. बाबा दुकानाच्या दाराबाहेर बघत होते. म्हणजे तोंड त्या बाजूला होतं, एवढंच. गेले सात महिने ते असेच कुठेतरी तोंड करून बसत.

माझे बाबा, विष्णू कुबल, तीस वर्षं तांडेल होते. बोट दुसऱ्याची, पण ती कुठे न्यायची आणि कशी परत आणायची हे बाबांच्या हातात. समुद्राची खोली आमच्याकडे वावात मोजतात, दोन्ही हात पसरले की एक वाव. पाण्याखालच्या कुठल्या खडपाशी किती वाव पाणी आणि पाण्याची कुठली ओढ कुठे जाऊन लागते, हे बाबा झोपेतून उठवलं तरी सांगायचे. मग एका सकाळी जाळं ओढायच्या विंचच्या दोरात त्यांचा डावा हात सापडला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं एक बोट राहिलं. जखम भरली, पण बाबा गप्प झाले ते झालेच. ताटातला भात ताटात वाळायचा. आई आधीच गेलेली, घरात आम्ही दोघंच. मी काजूच्या कारखान्यात पॅकिंगला होते. संध्याकाळी परत आले की आधी ओट्यावर बाबा आहेत ना हे बघायचे आणि मगच चपला काढायचे. रोज ती भीती असायची.

"याला समुद्राकडे परत न्या, नाहीतर माझी औषधं वाया," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बोटीवर कोण घेणार? हातगरी म्हणजे नुसता तंगूस, नायलॉनचा दोरा, हातात धरून मासा काढायचा, त्याला दोन धड हात लागतात. मुंबईचे हौशी पाहुणे खडकावरून दांड्याने गरवतात ते मी पाहिलं होतं. उजव्या हातात दांडा, डाव्या हाताच्या चिमटीत रिळाची मूठ. चिमूट तर बाबांकडे होती. म्हणून बोनसचे बाराशे रुपये घेऊन मी पेडणेकरांच्या दुकानात उभी होते. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते.

"ह्यां बघ," पेडणेकरांनी काचेतून एक चकचकीत रीळ काढलं. "जपानी. आजोबान घेवचां आनी नातवान वापरूचां. सव्वीसशे."

"पेडणेकरनू, चेष्टा करतात?"

"दाखवूक काय पैशे पडतत?" ते हसले आणि दुसरा खोका उघडला. "ह्यो सेट आठशे पन्नास. दांडो आनी रीळ. पण खरां सांगतंय, खारां पाणी लोखंड लोणच्यासारखां चाटून खाता. ह्यां दोन पावसाळे जायत. तिसऱ्याक टेबलार कागदांवर ठेव."

"मग काय घेऊ?"

"पैशे रिळात घाल, दांड्यात वाचव. दांडो साधो फायबरचो घे, खडकार आपटलो तरी मोडाचो नाय. कार्बनचो नको, तो नुसतो भाव खाता. आनी मोठां जड रीळ बारक्या दांड्यार लावू नको. नाकापेक्षा मोती जड जाता."

हे सगळं पटत होतं, पण बाराशेत बसत नव्हतं. पेडणेकरांनी थोडा वेळ मान खाजवली. मग काउंटरखाली वाकून त्यांनी जुन्या लुंगीच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी वर ठेवलं. गाठ सोडली. आत एक रीळ होतं. रंग कडेने उडालेला, पण मूठ गुळगुळीत आणि गंजाचा ठिपका नाही.

"वापरलेलां आसा. पण आतलो माल स्टीलचो, परदेशी. सातशेत देतंय."

"कोणाचं?"

"इकलेल्या माणसान नाव सांगू नको म्हटल्यान. चोरीचां नाय, येवढां नक्की."

मला ते नको होतं. माझ्या बापासाठी पहिल्यांदा काहीतरी विकत घेत होते आणि तेही कोणाचं तरी उतरलेलं? मी आठशे पन्नासच्या खोक्याकडे हात नेला. पेडणेकरांनी सहज त्या जुन्या रिळाची मूठ फिरवली, आणि मग दोरा बाहेर ओढला जातो तेव्हाचा आवाज ऐकवायला चकती बोटाने उलटी ढकलली. कर्र, कर्र, कर्र.

मागे स्टूल सरकलं. बाबा उठून काउंटरशी आले होते. त्यांनी डाव्या हाताच्या चिमटीने चकती स्वतः ढकलली आणि कान जवळ नेऊन तो आवाज ऐकला. पुन्हा ढकलली. पुन्हा ऐकला.

"ह्यांच," बाबा म्हणाले.

सात महिन्यांतला तो त्यांचा पहिला शब्द होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सातशे काय, बाराशेचे बाराशे मी त्या एका शब्दावर ओवाळून टाकले असते. उरलेल्या पैशांत फायबरचा दांडा, शंभर मीटर तंगूस, शिशाची वजनं आणि डझनभर गऱ्या, म्हणजे गळाचे आकडे, आल्या. तंगुसाचं टोक रिळाला पेडणेकरांनीच बांधलं, थुंकी लावून गाठ आवळली आणि म्हणाले, "दांडो मोडात, पण ही गाठ सुटाची नाय."

त्या संध्याकाळी बाबा दुसऱ्यांदा बोलले. "तुजो नखाचो लाल रंग आसा काय?"

माझी नेलपॉलिशची बाटली घेऊन ते ओट्यावर बसले. अंगणात तंगूस उलगडला, हात पसरून मोजला आणि दर दहा वावांवर लाल खूण केली. हातगरीवाले अशीच खूण करतात, म्हणजे पाण्यात किती गेला ते कळतं. शंभर मीटरमध्ये पाच खुणा झाल्या. रात्री बाबांनी भात मागून घेतला. मी चुलीशी पाठ करून रडले आणि फोडणीच्या धुरावर ढकललं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा दांडा घेऊन नाळीच्या खडकावर जायला लागले. गावाच्या दक्षिणेला हा खडक समुद्रात घुसलेला आहे आणि त्याच्या पायथ्याशी एकदम खोल. लोक तिथे गरवायला जात, पण भर दुपारी जात नसत; ती वेळ बुडालेल्यांची, असं म्हणत. बाबा मात्र बरोबर दुपारीच जायचे. मी म्हटलं, "बाबा, सकाळची भरती धरा, मासो मिळात." ते नुसते हसले. हसले याचंच मला एवढं अप्रूप, की पुढे मी काही विचारलं नाही.

आठ दिवस झाले आणि एकही मासा घरी आला नाही. विष्णू तांडेलाला आठ दिवसांत एक साधा मासा मिळू नये? शेजारणी हसायला लागल्या. "बापसाक खेळणां घेवन दिलंस वाटता," असं एकजण मला विहिरीवर म्हणाली. मला राग आला, पण ताटं स्वच्छ होत होती. मासा मेला तिकडे, म्हटलं, बाप जेवतोय ना!

नवव्या दिवशी रविवार होता. मी डब्यात भाकरी आणि सुकटाची चटणी घेऊन खडकावर गेले. ऊन टळटळीत. भरती पुरी चढलेली आणि वारा पडलेला, त्यामुळे पाणी तेलासारखं जड दिसत होतं. बाबा कड्याच्या टोकावर उभे राहून तंगूस वर गुंडाळत होते. शिसं पाण्याबाहेर आलं, लोंबकळलं, आणि मी बघतच राहिले. शिशाखाली काहीच नव्हतं.

"बाबा, गरी खंय?"

"लावूक नाय."

"विसरलात?"

"नाय."

"आठ दिवस? आठय दिवस गरी नाय?"

त्यांनी पुन्हा तंगूस खाली सोडला. कर्र कर्र करत शिसं तळाला टेकलं. "भरतीक हंय सहा वाव पाणी," ते म्हणाले, जणू मी तेच विचारलं होतं.

 बाबा सुधारतायत असं मी गावभर सांगत होते आणि इथे माझा बाप भर उन्हात रिकामा दोरा समुद्रात सोडून उभा होता. मी त्यांचा दंड धरला. "घराक चला."

"बस, वैजू. बस, तुका सांगतंय."

मी बसले. ते उभेच राहिले, नजर तंगुसावर.

"ह्यां रीळ न्हानूचां."

न्हानूकाका म्हणजे बाबांचा लहानपणापासूनचा जोडीदार. परदेशी जहाजावर नोकरीला होता. मी तेरा वर्षांची असताना तो सुट्टीवर आला आणि बाबांबरोबर बोटीवर गेला, हौसेने. समुद्रात पडला. एवढंच मला ठाऊक होतं, कारण गावाला एवढंच ठाऊक होतं.

"जहाजावरसून रीळ घेवन इलेलो. सगळ्यांका दाखवी होतो. पण सवय आमची हातगरीची. मोठो मासो लागलो तसो त्येणी दांडो माज्याकडे दिल्यान, तंगूस हातात धरल्यान आनी तळव्याक दोन येढे घातल्यान. रीळ आसताना कोण येढे घालता? पण मासो लागल्यार आमचो हात आपसूकच येढे घालता. माजोय घातलो आसतो."

"मग?"

"मग एक हिसको, आनी न्हानू बोटीवर नाय. तंगूस तळव्यात रुतलेलो. दांडो माज्या हातात, आनी रीळ असां वाजत होतां." त्यांनी चकती ढकलली. कर्र, कर्र. "मासो सुटलो आसतलो, कारण वडल्यावर न्हानू येय लागलो. येत होतो तो, वैजू. वीस वावांवर होतो, मगे पंधरा. पण सुकाणूर कोण नाय आनी बोट खडपार चल्ली होती. बोटीर चार खलाशी, चौगय पाठल्या बाजूक जाळ्यात गुतलेले. त्यांच्या बायको-पोरांचीय तोंडां माका दिसत होती."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"मियां सुरी घेतलंय," बाबा म्हणाले. "गावात येवन सांगलंय, तंगूस तुटलो. रीळ नेवन त्येच्या बायकोक दिलंय. आनी त्या खडपाकडची ओढ हंय, ह्या खडकाक येवन लागता. थंय पडलां तां आठ दिवसांत हंय येता. न्हानू येवक नाय."

"मग गरी का नाय लावणत?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. "माणसाक गरी कशी लावतलंय, चेडवा? त्येका धरूक नुसतो तंगूस व्हयो."

 मी डबा उघडला, उगाच, हाताला काम म्हणून. भाकरी मोडली आणि तेवढ्यात रीळ वाजलं.

कर्र.

बाबांनी मूठ सोडली होती, हात लावलेला नव्हता. पुन्हा वाजलं, आणि मग थांबेचना. मासा तंगूस नेतो तेव्हा तो आडवा पळतो, डावीउजवीकडे वळतो. हा तंगूस सरळ खाली चालला होता, खडकाला लागून, ओळंबा सोडल्यासारखा. पहिली लाल खूण दांड्याच्या टोकावरून घसरून पाण्यात गेली. दहा वाव.

"बाबा, हंय पाणी सहा वाव ना?"

"सहा."

दुसरी खूण गेली. वीस वाव. सहा वाव पाण्यात वीस वाव तंगूस, आणि तो जराही सैल नव्हता. तिसरी गेली. मी उठले आणि बाबांची कंबर मागून घट्ट धरली. मला त्यांच्या अंगातला कंप लागत होता, पण तो भीतीचा नव्हता. चेहरा दिसत नव्हता, तरी ते हसत होते हे मला कळलं.

"न्हानू," बाबा हळूच म्हणाले. "घे. व्हयो तितको घे."

चौथी खूण. पाचवी. मग रिळाच्या तळाची गाठ दिसली आणि आवाज बंद झाला. पेडणेकरांनी खोटं सांगितलं नव्हतं, गाठ सुटली नाही. दांडा वाकला आणि बाबा एक पाऊल पुढे सरकले. त्यांच्याबरोबर मीही सरकले. तिथे शेवाळ होतं.

"सोडा, बाबा!"

"एकदा सोडलंय."

"बाबा, तुमी पडतल्यात! माका कोण आसा?"

"एकदा सोडलंय, वैजू. परत नाय."

आणखी एक पाऊल गेलं. पुढे दोनच हात खडक उरला होता. मी कंबर सोडली, पुढे झाले आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं दांड्यावरून एकेक करून उकलायला लागले. ते माझ्यावर ओरडले, मला शिवी दिली. त्यांनी मला आयुष्यात दिलेली ती एकच शिवी. मी उकलत राहिले. शेवटी दांडा क्षणभर माझ्याच हातात आला, आणि मी तो सोडला.

तो पाण्यात पडला नाही. उभाच्या उभा आत गेला, आवाज न करता, आणि पाणी पुन्हा तेलासारखं झालं.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. सकाळीही भिंतीकडे तोंड करून बसले. मी कामावर गेले नाही. सातशेचं रीळ गेलं त्याचं दुःख नव्हतं, पण बाप पुन्हा सात महिन्यांमागे गेला होता आणि त्याला तिकडे ढकलणारी मीच होते.

नऊच्या सुमाराला अंगणात कोणीतरी आलं. न्हानूकाकाची बायको, अनसूयाकाकी. किती वर्षांत ती आमच्या दारात आली नव्हती.

"वैजू, रीळ तू घेतलंस म्हणान पेडणेकरान सांगल्यान. मियांच इकलंय. घर गळत होतां, कौलांक पैशे व्हये होते. पण नऊ रात्री झोप नाय. माका तां परत दी. तुजे पैशे मी सावकाश फेडीन."

"काकी, तां नाय," मी म्हटलं. "काल पाण्यात गेलां. तंगूस..."

"तुटलो?"

मी मान डोलावली.

काकी पायरीशी आली. "तेव्हाय असांच सांगलेलां माका," ती म्हणाली. "तुटलो. इतकी वर्सां मी इचारीत रवलंय, मनातल्या मनात. तंगूस आपसून तुटता तेव्हा त्येचां टोक पिंजता. माज्या घरात इलां त्या रिळावरचां टोक सरळ होतां. मियां तां रोज हातात घेवन बघलंय. खरां सांग गो, तुटलो काय तोडलो?"

माझ्या मागे दार वाजलं. बाबा ओट्यावर येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यांनी खांबाला धरलं.

"तोडलो," बाबा म्हणाले. "मियां. सुरी घेवन. न्हानू जितो होतो आनी येत होतो. बोट वाचवूक मियां तोडलंय."

अंगणात एक कोंबडी तेवढी फिरत होती. काकी तिथेच पायरीवर बसली.

"आनी काल?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे न बघता तो तुटका हात माझ्यासमोर आडवा धरला.

"कालय मियांच," ते म्हणाले. "रीळ वाजत होतां, खाली कोणतरी होतो, आनी मी भियालंय. हातातसून सोडलंय. दोनय वेळा मियांच, अनसूया."

ती रडली नाही. पदराने तोंड पुसून म्हणाली, "अकरा वर्सां वाट बघलंय, कोणतरी सांगात म्हणान." मग माझ्याकडे पाणी मागितलं. मी तांब्या आणला. ती अर्धा प्याली आणि उरलेला तिने बाबांपुढे केला. बाबा ओट्यावरून खाली उतरले, तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि प्याले. ती गेल्यावर त्यांनी पेज मागितली, आणि दोन वाडगे खाल्ली.

त्यानंतर बाबा चौदा वर्षं जगले. पोरांना जाळी विणायला शिकवली, माझं लग्न लावलं, काकीच्या घराची कौलं स्वतः चढून बदलली. मरताना शांत होते. त्यांना वाटत होतं की न्हानूकाकाला दुसऱ्यांदा कोणी सोडलं ते त्यांनी माझ्यासाठी झाकलं, आणि त्याचं ओझं त्यांनी मला कधी वाटू दिलं नाही.

पण त्यांना सगळं ठाऊक नव्हतं. दांडा माझ्या हातात आला तेव्हा ओढ चालूच होती, फक्त ती खाली नेणारी नव्हती. तंगूस एक हात हलायचा, थांबायचा, मग दुसरा हात. माझं माहेर कोळ्याचं आहे. दोराला धरून वर येणाऱ्या माणसाचं वजन कसं लागतं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तो येत होता, आणि ते कळल्यावरच मी सोडलं.